उंबरठ्याखालचा आवाज

“तुमचा सेट बिघडलेला नाही काका, तुमचं स्वयंपाकघर बिघडलंय!”

हे मी कराडच्या यादवकाकांना रविवारच्या नेटवर सगळ्यांच्या देखत, म्हणजे सगळ्यांच्या कानांदेखत सांगितलं. नेट म्हणजे इंटरनेट नव्हे हं. आम्हा हॅम लोकांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर भरणारा कट्टा. यादवकाकांची तक्रार अशी की चाळीस मीटर बँडवर दुपार झाली की त्यांचा सेट भुंगा गिळल्यासारखा गुणगुणतो. दोघा मेकॅनिकांनी उघडून पाहिला, नवा पॉवर सप्लाय घातला, तरी भुंगा जिवंतच.

“दुपारी घरात काय चालू करता?” मी विचारलं.

“काय न्हाय. जेवण गरम करतो.”

“कशावर?”

थोडा वेळ नुसती खरखर. मग काकांचा बारीक आवाज, “ती नवी शेगडी आणलीय सूनबाईनं. वायर नसलेली.”

“मग शेगडी परत करा, नाहीतर गार जेवा. ओव्हर!”

एका फ्रीक्वेन्सीवर एका वेळी एकालाच हसता येतं, त्यामुळे पुढची काही मिनिटं एकेक जण बटण दाबून आपापलं हसून घेत होता.

मी ओवी फडतरे, साताऱ्याच्या करंजे पेठेतली, इयत्ता दहावी. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज घशात अडकायचा. मग हॅमची परीक्षा पास झाले, लायसन्स आलं, हवेतली ओळख म्हणून स्वतःचा कॉलसाइन मिळाला आणि एक शोध लागला. माइकचं बटण दाबलं की समोरच्याला आपली उंची, चष्मा, वय काही दिसत नाही. फक्त म्हणणं ऐकू येतं. आणि माझं म्हणणं बरोबर असतं! नेटवरचा दुरुस्तीचा तास वाळिंबेकाकांनी आपणहून माझ्याकडे सोपवला. ते वाईचे, आमच्या क्लबात सर्वांत जुने. “पोरगी सेट न उघडता रोग सांगते,” असं ते नेटवर म्हणाले आणि ते वाक्य मी आठवडाभर घरात मिरवलं.

शिकवलं मात्र सगळं बाबांनी. बाबा जहाजांवरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे इंजिनिअर, आणि रेडिओच्या बाबतीत एक नंबरचे खडूस. हॅम लोकांत रीत आहे की बोलणं सुरू झालं की आधी एकमेकांना रिपोर्ट द्यायचा, तुमचा आवाज मला कसा येतोय त्याचा. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. हे खरं तर सेटच्या काट्याकडे बघून सांगायचं असतं, पण जगभर सगळे डोळे मिटून ‘फाइव्ह नाइन’ देतात. लग्नात ‘छान झालं हो जेवण’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. बाबा देत नसत. “खोटा रिपोर्ट दिला की समोरचा अँटेना सुधारायचं सोडतो,” असं त्यांचं म्हणणं. मला फारतर ‘फोर सिक्स’ मिळायचा. एकदा वाढदिवसालासुद्धा थ्री फाइव्ह दिला होता त्यांनी. मी केक खाताना त्यांच्याशी बोलले नाही.

आता निवळीबद्दल सांगायला हवं.

गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून घातलं की गाळ तळाला बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. त्यावरूनच सेटला जोडायच्या या चिपचं नाव पडलं. कारण हवा गढूळ झाली होती. बिनवायरीच्या शेगड्या, गाडी चालता चालता चार्ज करणारे रस्ते, घराघरांतले इन्व्हर्टर, ही सगळी मंडळी दिवसरात्र रेडिओलहरींची धूळ उडवतात. लांबचा अशक्त आवाज त्या धुळीत बुडून जातो. जुने फिल्टर धूळ झाडायचे, पण धुळीबरोबर आवाजही झडायचा. निवळी वेगळं काम करते. तिला हॅम लोकांच्या लाखो तासांच्या गप्पा ऐकवलेल्या आहेत. त्यामुळे अमुक शब्दानंतर बहुधा कोणता शब्द येतो, हे तिला ठाऊक असतं. फळ्यावरचं अर्धवट पुसलेलं वाक्य आपण कसं वाचतो? दिसतं त्यातून थोडं, सवयीनं थोडं. तसंच. एखाद्या माणसाच्या आवाजाचे नमुने दिले तर ती त्याची लकबही उचलते. वर, आपण माइकवर काय विचारलं तेही ती ऐकते, म्हणजे उत्तराचा अंदाज बांधणं सोपं.

तिच्यावर एक लगाम असतो. त्याला आम्ही उंबरठा म्हणतो. येणारा सिग्नल त्या पातळीच्या खाली गेला की निवळीनं तोंड मिटायचं.

बाबांना ती नको होती. “मला तुझी खरखरपण पाहिजे,” ते म्हणायचे. “त्यावरनं तर कळतं वायर कुठं सुटलीय.” पण ते ‘वरदा’ या सर्वेक्षण जहाजावर निघाले, समुद्रात हवामानाची यंत्रं सोडायला, तेव्हा मी आमच्या जुन्या गप्पांची रेकॉर्डिंग निवळीला दिली. रोज शाळेतून आले की चाळीस मीटरवर आमची भेट ठरलेली.

मग वादळ आलं. नकाशावर नाव देईपर्यंत ते मोठं झालं होतं. लक्षद्वीपच्या पश्चिमेला ‘वरदा’चा ठिपका जहाजांच्या नकाशावरून नाहीसा झाला. शोधकेंद्रातून राऊळ मॅडमचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या. एक तराफा सुटल्याची खूण मिळाली आहे, पण तराफ्यावर कोण आहे माहीत नाही.

मला माहीत होतं! बाबांची पाच वॉटची छोटी पेटी, गुंडाळीची वायर, सोलरचं फडकं. ते कपडे विसरतील, पेटी विसरायचे नाहीत. आई लॅबमधून तशीच आली, हातमोजे खिशात. दोघी सेटसमोर बसलो. मी हाका मारल्या. उंबरठा कंपनीनं ठेवला होता तिथेच होता. किती तरी वेळ निवळी गप्प. आणि मग “…वडे” आणि थोड्या वेळानं “…तोय”.

बाबा मला ओवडे म्हणतात. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

सिग्नल लागतोय पण पुरत नाही, अशा वेळी कुठलाही हॅम काय करतो? बटण पूर्ण उघडतो. जेवढं येईल तेवढं आत घ्या, खरखर तर खरखर. हात आपोआप जातो. मी उंबरठा शून्यावर आणला.

आणि बाबा बोलायला लागले.

“ओवडे, मी ठीक आहे. तराफ्यावर आहोत. बॅटरी जपून वापरतोय.”

आई रडली, मी किंचाळले, खालच्या मजल्यावरचे निकमकाका चपला न घालता वर आले. राऊळ मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, “कोणत्या दिशेला वाहतायत ते विचारशील?”

मला भूगोल येतो. या दिवसांत किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे जातो. मी विचारलं, “बाबा, दक्षिणेला वाहताय ना?”

“हो गं. दक्षिणेलाच.”

केंद्राचा संगणक पूर्व सांगत होता. पण जिवंत माणूस दक्षिण म्हणतोय म्हटल्यावर विमानं दक्षिणेला वळली. जहाजावरच्या बाकीच्यांच्या घरून फोन यायला लागले. रत्नागिरीच्या एक काकू रोज विचारायच्या, “आमच्या प्रसादचा आवाज येतो का गं मागनं?” मी बाबांना विचारलं, प्रसाददादा आहे का? “आहे की. झोपलाय.” काकूंनी फोनवर मला इतके आशीर्वाद दिले की ते ठेवायला घरात जागा पुरेना.

शाळेत मी हवेत होते. सर्वांना सांगत होते, माझ्या सेटवर येतात बाबा, मी जुळवलेल्या सेटवर! संध्याकाळी आई माझ्याशेजारी बसायची. जिनं कधी माइकला हात लावला नव्हता, ती आता वाक्याच्या शेवटी शिस्तीत “ओव्हर”, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’, म्हणायची. “जेवलात का? ओव्हर.” “बिस्किटं आहेत. काळजी करू नको.” मी हसून लोळायचे.

त्या शनिवारी मी गच्चीवर नवी अँटेना ताणली. तांब्याची तार, दोन बांबू, निकमकाकांची शिडी आणि निकमकाकांच्या शिव्या. खाली येऊन बटण दाबलं. “बाबा, नवी अँटेना! माझा रिपोर्ट?”

“फाइव्ह नाइन, ओवडे. फाइव्ह नाइन.”

मी खुर्चीवर उभी राहून नाचले. फाइव्ह नाइन! रणजित फडतऱ्यांकडून! आई अजून लॅबमध्ये होती, म्हणून पहिला फोन वाळिंबेकाकांना.

“काका, बाबांनी मला फाइव्ह नाइन दिला!”

“अरे वा,” ते सावकाश म्हणाले.

“काका? ऐकताय ना?”

“ऐकतोय. रणजितनं मला कधी फाइव्ह सेव्हनच्या वर दिलं नाही बाळा. माझी अँटेना तर डोंगरावर आहे. तराफ्यावर ती तार पाण्यात बुचकळ्या खात असणार. त्याला तू एवढी छान कशी येशील?”

“नवी आहे ना अँटेना.”

“हं. उंबरठा कुठंय तुझा?”

“शून्यावर. सिग्नल अशक्त होता म्हणून.”

“नेटवर लोक तक्रार घेऊन येतात, तेव्हा तू पहिल्यांदा काय करायला सांगतेस?”

मी फोन ठेवला.

पहिल्यांदा मी सांगते: अँटेना काढा. मागची वायर सोडा आणि ऐका. आवाज गेला तर तो बाहेरून येत होता. राहिला, तर तो तुमच्या घरातलाच आहे.

मी पॉवर शून्यावर आणली, कारण अँटेनाशिवाय लहरी सोडल्या तर सेट जळतो. मागची पितळी टोपी फिरवली. वायर हातात आली. काटा धपकन डावीकडे पडला. आता या सेटला जगातलं काहीही ऐकू येत नव्हतं. दगडाला येतं तेवढंच. मी हेडफोन लावले, बटण दाबलं. “बाबा, येतंय का ऐकू?”

“येतंय की. फाइव्ह नाइन. बोल ओवडे.”

किती स्वच्छ आवाज होता. अजिबात खरखर नाही.

मी वायर हातात धरून बसले. डोकं मात्र एखाद्या सेटचा रोग सांगावा तसं धडाधडा चालत होतं. उंबरठा उघडा असला आणि सिग्नल नसला, तर निवळीला फक्त धूळ मिळते. धुळीतून ती सवयीनं वाक्य काढते. मी दक्षिण म्हटलं, ती हो म्हणाली. मी प्रसाददादा आहे का विचारलं, ती आहे म्हणाली. लाखो तासांच्या गप्पांत ‘माझा रिपोर्ट?’ याचं सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर कोणतं? जगभरच्या सगळ्या हॅम लोकांनी मिळून मला फाइव्ह नाइन दिला होता.

आई आली तेव्हा मी तिथेच होते. तिनं वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “काय गं? तुटली?”

कसं सांगायचं ते मला सुचेना, मग तिच्याच भाषेत सांगितलं. आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे. रोज सकाळी पहिला नमुना लावायच्या आधी ती मशीनमध्ये नुसतं पाणी घालून बघते.

“आई, मशीन पाण्यात साखर दाखवतंय.”

तिला लगेच कळलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. पर्स मांडीवर तशीच.

“कधीपासून?”

“माहीत नाही. पहिल्या दिवशी उंबरठा जागेवर होता. ते दोन अर्धे शब्द कदाचित खरे असतील. पुढचं सगळं…”

“ऐकता येईल परत? रेकॉर्डिंग?”

“निवळी मूळ सिग्नल ठेवत नाही. निवळलेलंच ठेवते.”

आई म्हणाली, “नको सांगूस कुणाला. आवाज खोटा असू दे. विमानं तर खरी आहेत ना? फिरतायत तोवर फिरू देत.”

“चुकीच्या जागी फिरतायत आई. पूर्व सोडून दक्षिणेला. मी विचारलं म्हणून.”

“आत्ता सांगितलंस तर ती पूर्वेला जातील?”

“माहीत नाही.”

“जाणार नाहीत,” आई म्हणाली. “तुझ्या निरोपावरच शोधाची मुदत वाढवलीय त्यांनी. थांबवतील.”

ती उठली, तोंड धुऊन आली. तोंड पुसतानाच तिनं फोन उचलला. “लॅबमधनं चुकीचा रिपोर्ट गेला तर आपणच फोन करून मागं घ्यायचा असतो,” ती कुणाला तरी समजावत असल्यासारखी म्हणाली, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

राऊळ मॅडमनी एकदाही मला तोडलं नाही. मी उंबरठा सांगितला, अँटेना काढल्याचं सांगितलं, दक्षिणेचा प्रश्न माझाच होता तेही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “ओवी, हे तू सांगितलंस ते फार…” आणि वाक्य पुरं केलं नाही. त्यानंतर विमानं एकदा पूर्वेला जाऊन आली. समुद्र रिकामा होता. एवढ्या दिवसांत तराफा कुठल्या कुठे गेला असता, असला तर. शोध थांबल्याचं पत्रक टीव्हीवर वाचलं तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. रत्नागिरीच्या काकूंना फोन मीच केला. प्रसाददादा झोपलाय असं मीच सांगितलं होतं ना, म्हणून मीच. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मग तो आहे कुठं आता?”

मी निवळी बंद केली. रोज शाळेतून आले की साधा सेट लावून चाळीस मीटरवर हाका मारत राहिले. फक्त खरखर. शेगड्या, रस्ते, इन्व्हर्टर. त्याखाली काही असेल तर ते माणसाच्या कानाला लागणारं नव्हतं. आणि ज्या निवळीला लागलं असतं, तिच्यावर आता विश्वास ठेवता येत नव्हता. वाळिंबेकाका मला नेटवर परत बोलवत होते. मी जात नव्हते. प्रिलिम आली, मी पेपर लिहिले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी मी लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. आतून आईचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी. मी बूट न काढताच आत गेले.

आई सेटसमोर होती, हेडफोन लावून. निवळीचा दिवा हिरवा होता. अँटेनाची वायर तिनं काढून, नीट गुंडाळून, दोरा बांधून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली होती. मी पॉवरच्या बटणाकडे पाहिलं. ते शून्यावर होतं. मी शिकवलं नव्हतं तिला. माझं बघून शिकली होती. काही बाहेर जात नव्हतं, काही आत येत नव्हतं, आणि हे या घरात माझ्याइतकंच तिलाही पक्कं ठाऊक होतं.

मला पाहून ती दचकली नाही. हेडफोनचा एक कान बाजूला करून म्हणाली, “वायर काढली की बरं येतं गं. जरापण खरखर नाही.”

“आई.”

“पाण्याचं मला माहिताय,” ती म्हणाली. “रोज सकाळी मीच घालते.” मग तिनं शेजारचं स्टूल पायानं पुढे ओढलं. दुसरा हेडफोन आधीपासून जोडून ठेवला होता. “बस. तुझ्या प्रिलिमचं विचारतायत मघापासनं.”

मी उभीच राहिले. खिडकीतून गच्चीवरचे दोन बांबू दिसत होते. मग मी स्टुलावर बसले, हेडफोन लावले. आत ती निवळलेली शांतता होती. आईनं माइक माझ्याकडे सरकवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी बटण दाबलं.

“गणित बरं गेलं, बाबा,” मी म्हणाले. “भूगोलात एक प्रश्न चुकला. ओव्हर.”

आणि बटण सोडलं.